वसुधा मॅडम आणि सासऱ्यांचा डोळा

आमच्या जळगाव जामोदला सोनोग्राफी म्हणजे बायकांची गोष्ट. बाकावर पोटुशा सुना, शेजारी त्यांच्या सासवा, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली आणि समोर भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. अशा जागी पुरुषमाणूस बसला तर त्याची पंचाईतच. तो एकतर पाटीकडे पाहत राहायचा, नाहीतर चहा प्यायच्या निमित्तानं जो बाहेर जायचा तो लवकर परतायचाच नाही.

एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एक काका डोळ्यांच्या शिबिराची चिठ्ठी घेऊन आले. मोतीबिंदू पिकून पांढराफटक झालेला, त्यामुळे मागचा पडदा जागेवर आहे की नाही हे बॅटरीनं दिसत नव्हतं. म्हणून शिबिरातल्या डॉक्टरांनी डोळ्याची सोनोग्राफी सांगितली होती. त्यांचा नंबर आला तेव्हा आत आली त्यांची बायको. मुकाट टेबलावर आडवी झाली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

"काय तरास हाय, माय?" मॅडमनी विचारलं.

"मले काही नाही. तरास त्याइले हाय. ते म्हनतात, हे बायाईचं काम, तूच करून ये."

मॅडम खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग स्वतः उठून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेल्या. काका बशीत चहा ओतत होते.

"काका, डोळा तुमचा, अन् झोपायले बायको?"

"डोळ्याची कुठी सोनोग्राफी असते का, मॅडम? डोळ्यात काय लेकरू हाय का?"

"असलं तरी सांगायले बंदी हाय. पाटी वाचा."

टपरीवरचे सगळे हसले, काकाही हसले आणि गुमान मागोमाग आले. हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की वसुधा मॅडमची आठवण निघाली की मला आधी हे हसणं आठवतं, आणि मग राहिलेलं सगळं. राहिलेलं आठवलं की मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र मला धड सांगता येत नाही.

मी तेव्हा त्या दवाखान्यात कामाला होते. बी.ए. झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि आई म्हणायची, घरात बसून भिंतींना कान फुटतील, कुठंतरी लाग. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबरोबर एक बाई लागते, तशी मी लागले. दवाखाना दादासाहेबांचा. दादासाहेब म्हणजे मॅडमचे सासरे. जुन्या काळचे डॉक्टर, तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातच्या औषधानं वाढलेली. त्यांचा मुलगा अभय सर हाडांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, मध्ये एक अरुंद जिना.

त्या जिन्याच्या वळणावर मॅडमची एक सवय होती. वर जाताना त्या तिथं थांबायच्या, पांढरा कोट काढून हातावर घ्यायच्या आणि डोक्यावर पदर घ्यायच्या. खाली येताना उलटं. घर देशमुखी वळणाचं. सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, खुर्चीत बसायचं नाही, वर मान करून बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसाकडून. ते तिसरं माणूस पुष्कळदा मी असे. दादासाहेब सुनेपासून हातभर अंतरावर बसलेले असत, आणि मला म्हणत, "शारदा, सूनबाईले सांग, त्या जामोदच्या बाईचा रिपोर्ट लवकर पाह्यजे." मी मॅडमकडे वळून म्हणायचे, "जामोदच्या बाईचा रिपोर्ट लवकर पाहिजे." मॅडम मला सांगायच्या, "झालाय म्हणावं." मी परत वळायचे. माझा जन्म टेलिफोनच्या तारेचा आहे असं मला वाटायचं. पण त्या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि हळूहळू मलाही वाटेनासं झालं.

मॅडम मूळच्या नाशिकच्या. अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि मे महिन्यातसुद्धा अंगात लोकरीचा स्वेटर. बाहेर जळगावचा उन्हाळा अंगाची काहिली करत असायचा आणि आत यंत्रासाठी लावलेल्या एसीनं त्यांची बोटं गार पडलेली असायची. बाईच्या पोटाला हात लावण्याआधी त्या दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायच्या. पेशंटशी बोलायच्या ते अस्सल वऱ्हाडी. "श्वास धर वं माय. धर, धर. सोड आता." हे सगळं त्या याच खोलीत, पेशंटांकडून शिकल्या होत्या. रागावल्या की मात्र नाशिकचं मराठी बाहेर यायचं. गर्भ मुलाचा की मुलीचा हे आडून विचारणाऱ्या एका सासऱ्याला त्यांनी इतक्या स्वच्छ मराठीत बाहेर काढलं होतं, की तो गावात सांगत फिरला, मॅडम आपल्यावर इंग्रजीत रागावल्या.

त्यांनी मला यंत्राच्या पडद्यावरचं थोडंफार वाचायला शिकवलं होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "काळं म्हणजे पाणी, पांढरं म्हणजे हाड. मधलं जे करडं आहे त्यालाच अक्कल लागते." सगळ्यात जास्त रमायच्या त्या डोळ्यात. पोटात सारखी काहीतरी हालचाल, आतड्यांची गडबड. डोळा म्हणजे पाण्यानं भरलेली शांत गोल खोली, असं म्हणायच्या. शिकत असताना त्यांच्या सरांनी त्यांना डोळ्याची सोनोग्राफी हाताला धरून शिकवली होती. मिटलेल्या पापणीवर थंड जेलीचा थर द्यायचा, गळ्याच्या गाठी पाहायचा छोटा प्रोब, म्हणजे यंत्राचं हातात धरायचं डोकं, त्यावर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. एक डोळा दुखत असला तरी दोन्ही पाहायचे, कारण चांगला पाहिल्याशिवाय वाईट कळत नाही. महिन्याकाठी डोळ्याचे असे पेशंट येत ते इनमीन दोन-तीन. बाकी सगळी पोटंच.

लोक म्हणायचे, मॅडमचं नशीब बघा, एवढं मोठं मशीन त्यांच्या नावावर आहे. जमीन नावावर असावी तसं बोलायचे. त्यावर मॅडम म्हणायच्या, "मशीन माझ्या नावावर नाही शारदा, मी मशीनच्या नावावर आहे." ते खरंच होतं. गर्भलिंग निदानाच्या कायद्यानं यंत्राची नोंद त्या खोलीवर आणि त्यांच्या नावावर. त्यांच्याशिवाय कुणी प्रोब हातात धरायचा नाही, यंत्र खोलीबाहेर न्यायचं नाही. त्या गावाला गेल्या की यंत्राचं तोंड बंद, आणि कायमच्या गेल्या तर त्याला सील. दुसरा डॉक्टर आणायचा तर त्याचीही नोंद व्हावी लागते, आणि आमच्या आडबाजूच्या गावाला यायला कोण बसलंय?

त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. मॅडम पैठणी नेसून, बॅग घेऊन जीपनं नांदुऱ्याच्या स्टेशनपर्यंत पोचल्या. गाडीला अजून वेळ होता. इकडे ट्रॅक्टरखाली सापडलेला एक पोरगा दवाखान्यात आला. पोटात रक्त साठलंय का ते पाहिल्याशिवाय पुढं काही करता येईना. अभय सरांनी फोन केला. ये असं म्हणाले नाहीत, एवढंच म्हणाले की पेशंट टेबलावर आहे. मॅडम त्याच जीपनं परत आल्या आणि पैठणीवर कोट चढवून कामाला लागल्या. पोरगा वाचला. नाशिकला लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "नांदुऱ्याच्या पुढं माझी गाडी जातच नाही गं."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही सरळ गाडीत बसायला हवं होतं."

"पेशंट खोटा असता तर बसले असते. दर वेळी पेशंट खराच असतो, हीच तर पंचाईत आहे."

त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या ते खरं होतं. त्या गेल्यानंतर मुलाची दहावी आली तीही खरी होती. कुणी त्यांना बांधून ठेवलं नव्हतं, कुणी दुष्ट नव्हतं. अभय सर तर गरीब माणूस, वडिलांपुढं मान खाली आणि बायकोपुढंही मान खाली. त्या दवाखान्याचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि त्यातून मॅडम सोडून सगळं गाव ये-जा करायचं.

मग नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात जागा निघाली. शिकवायची, आणि तीही डोळ्याच्या सोनोग्राफीची. मॅडमच्या सरांनी त्यांचं नाव सुचवलं. मुलगा तिकडेच शिकायला गेला होता. मॅडमनी या वेळी आधी सगळी तजवीज केली आणि मग घरात सांगितलं. खामगावचे एक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायला तयार झाले होते, त्यांच्या नावाची नोंदही व्हायला घातली होती. अभय सर म्हणाले, जा, मी येत जाईन तिकडे. दादासाहेब काहीच बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "शारदा, सूनबाईले सांग, खामगावचा मानूस म्हंजे पाहुना. पाहुन्याच्या भरवशावर घर चालत नाही." मी हा निरोप पोचवला नाही. तारेलाही कधीतरी बिघडायचा हक्क असतो.

त्या दिवसांत मॅडम गुणगुणायला लागल्या होत्या. दोन पेशंटांच्या मध्ये खिडकीवरची प्लायवूडची फळी सरकवून बाहेर पाहायच्या. बाहेर शेजारच्या लॉजची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या चादरी, पण त्यांना ते सगळं बघवत होतं, कारण आता ते सोडायचं होतं.

आणि अशात त्यांना दादासाहेबांचे हात दिसले.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं. सासऱ्यांसमोर मान खाली घालून इतकी वर्षं काढली, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा त्यांचे हातच त्या जास्त ओळखत होत्या. वाढताना दिसायचे ते हातच. ते हात आता ताटाची कड चाचपून मग घास घेत होते. उजव्या बाजूला ठेवलेल्या तांब्याला धक्का लागत होता. एकदा त्यांनी मुद्दाम मिठाची वाटी ताटाच्या उजवीकडे सरकवून ठेवली, तर ते हात ती डावीकडे शोधत राहिले आणि शेवटी न मागता तसेच जेवले.

दादासाहेबांचा उजवा डोळा लाल होता, आणि खालची पापणी ओढली की आत गुलाबी मांसासारखा पट्टा दिसायचा, हे मीही पाहिलं होतं. ते काळा चष्मा लावून ओपीडीत बसायचे. डॉक्टरच ते, त्यांनी आपल्या मनानं डोळ्यात थेंब टाकले, मग सुजेवरच्या स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी आठ-पंधरा दिवस उजेड पडायचा. दादासाहेब खूश व्हायचे, गोळ्या थांबवायचे, आणि पुन्हा धुकं यायचं. मग पुन्हा गोळ्या. दर वेळी बरं वाटायचं, म्हणून दर वेळी त्यांचा विश्वास वाढायचा.

मॅडमनी माझ्यामार्फत सांगून पाहिलं. उत्तर आलं, "शारदा, सूनबाईले सांग, डोळा आला हाय, उतरन. सारी उमर लोकाईचे डोळे धुतले म्या." अकोल्याला दाखवून या म्हटलं तर ते त्याहून कठीण. ज्याच्या स्वतःच्या दवाखान्यात मशीन आहे तो दुसऱ्याच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला तर गाव काय म्हणेल? आणि घरच्या मशीनवर पाहायचं तर पाहणार कोण? सून. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा, ही गोष्टच त्या घरात बसत नव्हती. अभय सरांनी एकदा विषय काढला, तेव्हा दादासाहेब ताटावरून उठले.

शेवटी मॅडमनीच एका दुपारी नियम मोडला. दादासाहेब ओपीडी संपवून वर घरात खुर्चीत बसले होते. मी दोघांच्या मध्ये सवयीनं उभी होते. मॅडम मला बाजूला सारून त्यांच्यासमोर आल्या आणि थेट बोलल्या.

"दादा, डोळा दुखतो का?"

दादासाहेब इतके चकित झाले की त्यांनी उत्तर दिलं. "नाही. दुखत नाही."

"एवढी सूज असती तर दुखला असता. ही सूज नाही. गोळ्या घेतल्या की ते लपतं आणि गोळ्या थांबवल्या की बाहेर येतं. तुम्ही त्याला लपायला मदत करताय."

"तुमी जाऊन राह्यल्या ना नाशिकले?" दादासाहेब म्हणाले. त्यांनीही पहिल्यांदाच मला वगळलं होतं. "मंग माह्या डोळ्याची कायले फिकीर?"

मॅडम खाली दवाखान्यात गेल्या. त्या दिवशी पुढच्या सगळ्या पेशंटांशी त्या नाशिकचं मराठी बोलल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बाक रिकामे असताना, दादासाहेब भिंतीला हात लावत सोनोग्राफीच्या खोलीत आले. काळा चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि टेबलावर आडवे झाले. मॅडम डबा खात होत्या. त्यांनी हात धुतले, स्वेटरच्या बाह्या वर केल्या. त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. मी हळूच खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्याकडे हात नेला आणि तसाच खाली आणला. म्हणाल्या, "इथं नाही."

आणि मग त्या टेबलावर वाकल्या, आणि थांबल्या. मला वाटलं, जेली संपली की काय. नंतर त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. त्यांच्या भुवईवर एक जुना व्रण आहे. अभयच्या भुवया अगदी तशाच आहेत."

त्यांनी तळवे चोळले. "दादा, थंड लागेल. डोळे मिटूनच ठेवा. मिटल्या मिटल्या आत डावीकडे पाहा. आता उजवीकडे."

आधी त्यांनी डावा डोळा पाहिला. काळं स्वच्छ गोल, आणि मागची भिंत सुतासारखी बारीक. मग प्रोब उजव्या पापणीवर टेकला. मला फार कळत नाही, पण एवढं कळलं की ही भिंत ज्वारीच्या भाकरीच्या काठासारखी जाड आहे. आणि भिंतीच्या बाहेर, डोळ्याच्या मागच्या अंगाला, आणखी एक काळी कोर होती. मला शिकवलेलं आठवलं आणि मी न विचारता म्हटलं, "पाणी आहे का, मॅडम?"

मॅडमनी एक बटण दाबलं. त्या काळ्या कोरीत बारीक लाल ठिपके लुकलुकायला लागले. रक्त वाहत असलं की पडद्यावर तसा रंग येतो.

"पाण्यात रक्त वाहत नाही," त्या म्हणाल्या.

त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. प्रोब इकडून तिकडून फिरवत होत्या, पुन्हा चांगल्या डोळ्यावर नेत होत्या, पुन्हा परत. तपासायचं काही उरलं नव्हतं हे मलाही दिसत होतं. त्यांची बॅग वर भरलेली होती. त्याच आठवड्यात नाशिकला रुजू व्हायचं होतं.

"काय दिसते?" दादासाहेबांनी विचारलं. आवाज डॉक्टरचा नव्हता, पेशंटचा होता.

मॅडमनी पापणीवरची जेली कापसानं पुसली. मग सांगितलं. मागचा थर जाड आहे. भिंतीबाहेरही वाढ आहे. मऊ आहे, सगळीकडे एकसारखी आहे, दुखत नाही आणि गोळ्यांनी तात्पुरती ओसरते. लिम्फोमा असू शकतो, म्हणजे गाठीच्या कॅन्सरचा प्रकार. पण हा पुष्कळदा सावकाश वाढणारा असतो आणि त्याला उपाय असतो. सोनोग्राफी फक्त संशय दाखवते. तुकडा तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. आणि गोळ्या चालू असताना तुकडा घेतला तर कदाचित त्यात काहीच सापडणार नाही.

"म्हंजे गोळ्या बंद कराव्या लागतीन."

"हळूहळू कमी करत, हो."

"मंग मले दिसनार नाही."

"काही दिवस नाही दिसणार."

दादासाहेब उठून बसले. पाय खाली सोडून चपला शोधत होते, त्या सापडत नव्हत्या. मॅडम खाली वाकल्या आणि चपला त्यांच्या पायांपाशी सरकवल्या.

ते गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "क्षणभर वाटलं, काही नाही दादा, सूज आहे, असं म्हणावं. आठवड्याचा तर प्रश्न होता. खामगावच्या डॉक्टरांना पुढं केव्हातरी दिसलं असतं." मग म्हणाल्या, "लिहून घे, नाव, वय." आणि सासऱ्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, तेवढं मलाच लिहावं लागलं.

नाशिकच्या कॉलेजनं महिनाभर थांबायचं कबूल केलं. त्या महिन्यात दादासाहेब धुक्यात होते. गोळ्या कमी होत गेल्या तसा त्यांचा उजवा डोळा विझत गेला, आणि डाव्याला मोतीबिंदू होताच. ओपीडी बंद झाली. ज्या माणसाच्या खाकरण्यानं अख्खा दवाखाना सरळ व्हायचा तो सुनेच्या दंडाला धरून जिना उतरू लागला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना घेऊन मॅडमच गेल्या. अभय सरांना तिथल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकवत नव्हतं. तुकडा तपासला आणि मॅडमचा संशय खरा ठरला. रोग शरीरात इतरत्र कुठं नव्हता. हलके किरणोपचार दिले. हळूहळू ती जाड भिंत ओसरली, बाहेरची कोर गेली, आणि एके दिवशी दादासाहेबांनी मला लांबून हाक मारली, "शारदे, वजन वाढलं वं तुह्यं." तेव्हा आम्हाला कळलं की डोळा परत आला.

मला वाटलं, सुटल्या मॅडम. त्यांनाही वाटलं. कॉलेजनं आणखी थोडी मुदत दिली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोग उलटला तर लवकर कळावा म्हणून अधूनमधून डोळा पाहत राहा. कुठल्याही जाणत्या डॉक्टरनं पाहिलं तरी चालेल. खामगावचे डॉक्टर जाणते होते. मॅडमनी त्यांना बारकावे नीट समजावून दिले आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा दादासाहेबांचा डोळा पाहणार, त्या दिवशी त्या मुद्दाम बाजूला उभ्या राहिल्या.

दादासाहेब टेबलावर झोपले. खामगावच्या डॉक्टरांनी पापणीवर जेली लावली, आणि दादासाहेब उठून बसले. जेली गालावरून ओघळत होती.

"नाही," ते म्हणाले. "मले माफ करा, डॉक्टर. तुमचा हात वाईट नाही. पन दुसऱ्या कोनाचा हात मी डोळ्याले नाही लावू देनार."

खामगावचे डॉक्टर भले होते, हसून बाहेर गेले. दादासाहेब मॅडमकडे वळले. मला वाटलं, आता हुकूम सुटणार. मॅडमही तयारीत होत्या, त्यांचा चेहरा मी पाहत होते.

"बाई," दादासाहेब म्हणाले. सूनबाई नाही, नुसतं बाई. लेकीला म्हणावं तसं. "मले भेव वाटते. तू पाह्यशीन त मी झोपतो. नाही त राहू दे, जसं होईन तसं होईन. तू जाय."

मॅडमनी त्यांच्या गालावरची जेली पुसली. "झोपा," त्या म्हणाल्या.

जायचं राहिलं. संध्याकाळी मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, त्यांनी तुम्हाला जा म्हटलंय, मग का थांबता? अशा वेळी माणसानं कठोर व्हावं.

"ते रागावले असते तर मी गेले असते गं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं त्यांच्या रागाचीच तयारी केली होती मी. याची केलीच नव्हती."

पुढं माझं लग्न झालं, मी शेगावला गेले. परवा आईच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिला घेऊन त्या दवाखान्यात गेले. बाकावर तशाच बायका, तीच पाटी. मॅडमनी मला ओळखून आत बोलावलं. केस पांढरे झालेत, स्वेटर नवा आहे. टेबलावर दादासाहेब होते. फार म्हातारे झालेत, पण नजर अजून शाबूत. मला म्हणाले, "शारदे, शेगावचं पानी मानवलं तुले." प्रोब पापणीवर होता तरी बोलणं चालूच.

"दादा, बोलू नका, चित्र हलतं."

"काही हाय का?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

दादासाहेबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "मंग आता पुढच्या खेपेले," ते म्हणाले, सणाचं ठरवावं तसं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या खेपेला." मग काठी टेकत ते गेले.

मी आईला टेबलावर चढायला हात दिला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, अजूनही जाता येईल. कुठंतरी."

त्या यंत्राचं डोकं पुसत होत्या. आई ऐकते आहे याची त्यांनी पर्वा केली नाही.

"दर वेळी त्यांच्या डोळ्यावर हात ठेवला की माझ्या मनात येतं, हे गेले की मी सुटेन," त्या म्हणाल्या. "आणि डोळा स्वच्छ निघाला की मला इतका आनंद होतो शारदा, की दिवसभर पुरतो. खोटं यातलं काहीच नाही."

आई टेबलावरून म्हणाली, "होते तसं, माय."

मॅडमनी तळवे एकमेकांवर चोळले, आईच्या पोटावर हात ठेवला आणि दुसरा हात लांब करून खोलीतला दिवा बंद केला.